नीटसाठी ड्रॉप घेताय? अभ्यासासोबत कागदांची फाइलही वर्षभरात कशी तयार करायची

खानदेशातल्या तालुक्याच्या गावाला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दरवर्षी जून-जुलैत एकच सीन बघतो. बाप घामाघूम, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत चुरगळलेल्या झेरॉक्स आणि मागे पोरगी गप्प उभी. नीटला मार्क मस्त, वर्षभर लातूरला राहून आलेली, आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) नाही. नाहीतर नॉन-क्रिमीलेयर (मागास प्रवर्गातलं घर सधन गटात नाही असा दाखला) मार्चमध्येच संपलेलं. नाहीतर दहावीच्या मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं. मग चार दिवसात सगळं करून द्या म्हणतात, ते कसं होणार भो?

आधी एक गैरसमज काढून टाका. यूट्यूबवर बघून पोरं विचारतात, दादा गॅपमध्ये हॉस्पिटलात व्हॉलंटियर होऊ का, एनजीओचं सर्टिफिकेट घेऊ का, प्रोफाइल स्ट्राँग होईल ना. ते अमेरिकेचं गणित आहे, तिथे आधी डिग्री करतात, मग एमकॅट ही मेडिकलची परीक्षा देतात आणि कॉलेजवाले तुमचा अनुभव, निबंध, इंटरव्ह्यू सगळं बघतात. आपल्याकडे एमबीबीएसला असलं कोणी विचारत नाही. इथे रँक, कागद आणि पसंतीक्रम एवढ्यावरच सीट ठरते. ड्रॉपच्या वर्षात (म्हणजे एक वर्ष थांबून परत नीट देतात त्या वर्षात) सगळे फक्त रँकच्या मागे लागतात आणि बाकीचं "निकाल लागल्यावर बघू" म्हणून सोडून देतात, म्हणून हे लिहायला घेतलं. (नात्यातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आठवडाभर बसून या, पण ते आपल्याला हे काम झेपेल का ते बघायला, फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.)

टप्पा १: ड्रॉप घ्यायच्या आधी मागचा पेपर उघडून बसा (निकालानंतरचा पहिला आठवडा)

नीटला किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, वयाची वरची अटही नाही. खालची आहे, ॲडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण पाहिजेत. म्हणजे ड्रॉप घेता येतोच, पण घ्यावा का हे भावनेवर ठरवू नका. "मना पोऱ्या डाक्टर व्हईच" म्हणणाऱ्या आजोबांवर पण नको.

ओएमआर उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी आणि फायनल आन्सर की डाउनलोड करून ठेवा, नंतर साइटवरून गायब होतात. मग वहीत १८० प्रश्नांचे चार ढीग करा: येतच नव्हतं ते, येत होतं पण चुकलं ते, दोन ऑप्शनमधून तुक्का मारला ते, आणि वेळ पुरला नाही म्हणून राहिलं ते. बरोबरला ४ आणि चुकीला वजा १, म्हणजे येत असून चुकलेला एकेक प्रश्न तुम्हाला ५ मार्कांना पडतो. असे २० निघाले तर सरळ १०० मार्क गेले की, आणि ते १०० मार्क नवीन काही न शिकता परत मिळण्यासारखे असतात.

पहिला ढीग सगळ्यात मोठा असेल तर सिलॅबसच झालेला नाही, अशाने नुसती टेस्ट सिरीज लावून काही होत नाही. दुसरा-तिसरा मोठा असेल तर उलट, परत पहिल्या धड्यापासून क्लास लावण्यात वर्ष वाया जातं, त्याला पेपर सोडवायची सवय हवी. आमच्याकडे नेमकं उलटं करतात. ४५० वाला परत फुल कोर्सला बसतो आणि २०० वाला टेस्ट सिरीज विकत घेतो.

सावधान: "तोवर एखाद्या कोर्सला नाव टाकून ठेवतो" म्हणून ॲडमिशन घेणार असाल तर आधी त्या कॉलेजला विचारा की मधेच सोडलं तर ओरिजिनल टीसी आणि मार्कशीट कधी परत देणार आणि किती फी कापणार. माझ्या एका नातेवाइकाच्या पोराची टीसी अशीच एका कॉलेजात अडकली होती, ऐन ॲडमिशनच्या आठवड्यात रोज चकरा मारल्या.

टप्पा २: कागद (जुलै ते डिसेंबर)

हाच सगळ्यात मोठा टप्पा, आणि यात क्रम चुकला की सगळं चुकतं. आधी नाव, मग अधिवास, मग जातीचा दाखला, मग व्हॅलिडिटी, आणि नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला) सगळ्यात शेवटी. व्हॅलिडिटीला महिने लागतात पण ती एकदा निघाली की कायमची, आणि नॉन-क्रिमीलेयरला मुदत असते, ते लवकर काढून ठेवलं तर ॲडमिशनच्या वेळी शिळं होऊ शकतं. लोक बरोबर उलट करतात कारण नॉन-क्रिमीलेयर सोपं वाटतं.

नाव. दहावीची मार्कशीट हा पाया धरा. आधार, बारावी, जातीचा दाखला, सगळं त्याच्याशी जुळवा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी, तेवढ्याने काही बिघडत नाही. पण स्पेलिंग वेगळं, वडिलांच्या नावात एकीकडे "संजय" दुसरीकडे "संजू", हे बिघडतं. आधार दुरुस्ती आत्ताच करा, फेब्रुवारीत आधार केंद्रावर काय गर्दी असते ते सांगायला नको.

अधिवास. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला आपले सरकारवरून किंवा सेतूतून तहसीलला अर्ज करून मिळतो. सोपं काम आहे. पण खानदेशात खरी गोम दुसरीच आहे. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी नुसता अधिवास पुरत नाही, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते, आणि त्यातून सूट असते ती सरकारी नोकरांच्या मुलांसारख्या मोजक्यांनाच. आता आपल्याकडची किती घरं सुरतला आहेत बघा, उधना, लिंबायत भागात अख्खी गल्ली आपलीच. पोरगं तिथेच दहावी-बारावी करतं, मतदान आणि शेती अमळनेरला, आणि मग बाप म्हणतो आम्ही तर महाराष्ट्राचेच. शहाद्याकडचे मध्य प्रदेशात खेतियाला शिकतात, रावेरकडचे बऱ्हाणपूरला, त्यांचंही तेच. तुमचं असं झालं असेल तर कोणत्या राज्याच्या कोट्यात बसता ते आत्ता ॲडमिशनच्या ब्रोशरमधून (माहितीपुस्तिकेतून) काढा, निकालानंतर काढून काय उपयोग.

सावधान: ड्रॉपर पोरांनी राजस्थानातल्या कोटा शहरात क्लास लावला तरी राज्याच्या कोट्यात फरक पडत नाही, बारावी झालेली आहे. पण घरात धाकटं भावंड असेल आणि त्याला अकरावीलाच तिकडच्या शाळेत नाव टाकून पाठवायचा विचार असेल तर थांबा. बारावी राजस्थानची झाली की इथल्या कोट्यावर पाणी.

जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी. राखीव जागेवर बसायचं तर दोन्ही लागतात. दाखला प्रांत ऑफिसचा, व्हॅलिडिटी पडताळणी समितीची. एससी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), ओबीसीसाठी जिल्ह्याची जात पडताळणी समिती, आणि एसटीसाठी समिती वेगळी असते, आपल्या जिल्ह्याची कुठे आहे ते आधी विचारून घ्या. चुकीच्या समितीकडे फाइल घेऊन गेलेले मी दरवर्षी दोन-तीन तरी बघतो.

पुरावा कोणत्या तारखेआधीचा पाहिजे हे आधी पाठ करा: एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसीला (विशेष मागास) १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमचा दाखला आणि वडिलांचा दाखला एवढ्यावर भागत नाही. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने सातबारे, असं काहीतरी हुडकावं लागतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा, आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेत हेडमास्तरांना भेटून जुनं रजिस्टर बघायची विनंती करा. जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, मग मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्याला वेळ धरा.

इथे आपल्याकडचा एक खास घोळ आहे, तो म्हणजे पाटील. खानदेशात लेवा पण पाटील, मराठा पण पाटील, गुजर पण पाटील, आणि गावची पाटीलकी होती म्हणून आणखी कोणीकोणी पाटील. जुन्या नोंदीत आडनाव बहुतेक नसतंच, "दगडू वल्द हरी" (हरीचा मुलगा दगडू) एवढंच आणि पुढे जात. किंवा आजोबांचं आडनाव महाजन आणि वडिलांपासून पाटील. समिती विचारते हा दगडू तुमचाच कशावरून? त्याला वंशावळ लागते, प्रतिज्ञापत्रावर, आणि त्या वंशावळीतलं प्रत्येक नाव कुठल्यातरी कागदाशी जुळलं पाहिजे. वंशावळ तोंडी सांगून टाइप करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर बसा, कागदावर झाड काढा, प्रत्येक नावाखाली कोणता पुरावा आहे ते पेन्सिलीने लिहा, ज्याखाली रिकामं राहील तिथे समितीचं बोट जाणार म्हणून समजा.

सगळ्यात मोठी मदत कसली होते माहिती? वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कोणाची व्हॅलिडिटी आधीच निघालेली असेल तर तिची. काका, आत्या, सख्खा भाऊ, चुलतभाऊ. मामाची चालत नाही, आईकडून जात धरत नाहीत. पण व्हॅलिडिटीची झेरॉक्स मागायला भाऊबंदकी आडवी येते. बांधावरून वाद असतो आणि काका कागद देत नाही, अशी दोन प्रकरणं मी स्वतः चहा पाजून मिटवली आहेत. हे काम दिवाळीत करा, सगळे घरी असतात आणि तोंड गोड असतं.

अर्ज ऑनलाइन भरायचा, मग प्रिंट, प्रतिज्ञापत्रं आणि कॉलेजचं पत्र लावून समितीत जमा करायचं. बारावीला असताना कॉलेजमार्फत हे सहज होतं, ड्रॉपरला शेवटच्या कॉलेजात परत जाऊन पत्र आणावं लागतं, क्लार्कला सुट्ट्यांच्या आधी गाठा. जमा केल्यावर लोक झोपतात. झोपू नका. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघा, त्रुटी निघाली की मेसेज येतो आणि तो मेसेज बहुतेक वेळा फॉर्म भरणाऱ्या दुकानदाराच्या मोबाइलवर येतो कारण नंबर त्याचाच टाकलेला असतो. आमच्याच धंद्यातली खोड आहे ही, मान्य. तुमचा स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकायला लावा, समोर उभं राहून.

एसटीच्या फाइलींना, त्यातही टोकरे कोळी, ठाकूर वगैरेंच्या, दक्षता पथकाची चौकशी लागते आणि काही प्रकरणं थेट हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जातात. अशा घरांनी ड्रॉपचा पहिला महिना फक्त या फाइलला द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पोराने नाही, बापाने. पोराने अभ्यास करावा.

तपासून घ्या: डिसेंबर संपताना व्हॅलिडिटीचा अर्ज जमा झाल्याची पावती हातात पाहिजे, आणि एकही त्रुटी उघडी नको. "सरकार मुदतवाढ देतं" या भरवशावर राहू नका, एखाद्या वर्षी देतं, एखाद्या प्रवर्गाला देतं, तुम्हाला देईल असं कोणी लिहून दिलेलं नाही.

नॉन-क्रिमीलेयर आणि ईडब्ल्यूएस. हे एप्रिलमध्ये, नवं आर्थिक वर्ष लागल्यावर. नॉन-क्रिमीलेयरवर "३१ मार्च अमुक सालापर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं, ते ॲडमिशनच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे. मर्यादा ८ लाखांची, पण त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, नोकरीचं पद मात्र वेगळं तपासतात. केळीवाल्या रावेर-यावलकडचे बरेच जण "आपलं उत्पन्न जास्त आहे" म्हणून अर्जच करत नाहीत आणि ओपनमधून भरतात. आधी विचारा तरी! ईडब्ल्यूएसला मात्र शेतीसकट सगळं उत्पन्न धरतात, आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला ५ एकरांची अट पण आहे.

केंद्राचा आणि राज्याचा नमुना वेगवेगळा असतो. १५ टक्के ऑल इंडिया कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला, राज्यासाठी राज्याचा. दोन्ही काढा. केंद्रात व्हीजेएनटी असा प्रवर्गच नाही, जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून जायचं. एसईबीसीपण (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) केंद्रात नाही.

बाकी किरकोळ: गॅपचं प्रतिज्ञापत्र (बारावीनंतर कुठेही ॲडमिशन घेतलेलं नाही असं), ब्रोशरमधल्या नमुन्यातच मेडिकल फिटनेस, वडिलांच्या नावाचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प लागतो म्हणून कोणी पैसे मागितले तर आधी सेतूत विचारा, २०२५ मध्ये सरकारने असल्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ केलंय.

टप्पा ३: बारावीचे मार्क पुरतात का ते बघा

छोटा टप्पा आहे पण विसरतात. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, इंग्रजी पास पाहिजे. नीटला ५५० आणि पीसीबीला ४७ टक्के, असा ओपनचा पोरगा मी बघितलेला आहे, रडत होता. कमी पडत असतील तर बोर्डाच्या श्रेणीसुधारमधून परत बसता येतं, त्याच्या तारखा शेवटच्या कॉलेजात कळतात. याच वर्षात उरकून टाका.

टप्पा ४: वर्ष कुठे आणि कसं काढायचं

लातूर, कोटा, नाशिक, संभाजीनगर, की जळगावची अभ्यासिका? टप्पा १ मधल्या ढिगांवरून ठरवा. येतच नव्हतं वाला ढीग मोठा असेल तर शिकवणारा लागतो, जा बाहेर. बाकीच्यांनी घराजवळ राहून चांगली टेस्ट सिरीज लावली तर वाचलेल्या पैशात पुढच्या एका वर्षाची हॉस्टेल फी निघते. माझ्या भाचीने दुसरं वर्ष घरीच काढलं, सकाळी ४ ते ९ अभ्यास, कारण आपल्याकडे मार्चपासून दुपारी पंखा लोड शेडिंगमध्ये गेला की डोकं चालत नाही. तिची आई म्हणायची पोरगी कोंबड्याच्या आधी उठून राहिली.

पुस्तकांची गोष्ट नीट ऐका. स्टेट बोर्डाची पोरं बालभारतीचं पुस्तक घोटतात, नीटला पाया एनसीईआरटीचा, बायोलॉजीला तर ओळ न् ओळ. आणि जुनी पुस्तकं घेताना बघा, २०२४ च्या परीक्षेपासून सिलॅबस बदललाय, काही धडे गेले, काही आले. सीनियरने अर्ध्या किमतीत दिलेल्या मॉड्यूलमध्ये गेलेले धडेही असतात आणि पोरं त्यावर महिना घालवतात. पेपरचा पॅटर्नपण २०२५ ला परत जुन्यावर आला: १८० प्रश्न, सगळे सोडवायचे, १८० मिनिटं. त्याआधी २०२२ ते २०२४ ला २०० प्रश्न, त्यातले १८० सोडवायचे आणि २०० मिनिटं होती. तुमच्या टेस्ट सिरीजचे पेपर त्या काळातले असतील तर वेळेचा अंदाज पूर्ण चुकणार.

चुकांची एकच वही ठेवा. प्रत्येक टेस्टनंतर चार ढीग परत करा, फक्त मार्क लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

तपासून घ्या: नोव्हेंबरच्या शेवटी गेल्या पाच टेस्टमधला "येत होतं पण चुकलं" वाला ढीग जुलैपेक्षा लहान झालाय का? नसेल तर जास्त तास बसून उपयोग नाही, टेस्ट कमी करून चुकांच्या वहीवर दोन आठवडे द्या.

टप्पा ५: नीटचा फॉर्म

फॉर्म बहुतेक फेब्रुवारी-मार्चला असतो. शेवटच्या दोन दिवसांत भरू नका, साइट रडते. चार गोष्टी माझ्याच दुकानात सगळ्यात जास्त चुकतात.

प्रवर्ग: इथे केंद्राचा प्रवर्ग विचारतात. राज्यातला प्रवर्ग नंतर सीईटी सेलच्या (राज्यातली ॲडमिशन बघणारं सरकारी ऑफिस) फॉर्ममध्ये वेगळा भरायचा असतो. एनटीवाले इथे काय भरू म्हणून गडबडतात, वर लिहिलंय ते बघा.

भाषा: मराठी घेतली तर पेपर मराठी-इंग्रजी दोन्हीत येतो, भाषांतरात शंका आली तर इंग्रजीच खरं धरतात. क्लास आणि पुस्तकं सगळी इंग्रजीत आणि पेपर मराठीत असं "सेफ" म्हणून करू नका, "सहसंयुज बंध" वाचून पोरं अडखळतात.

फोटो: पांढरी बॅकग्राउंड, अलीकडचा, आणि त्याच फोटोच्या आठ-दहा कॉप्या काढून फाइलीत ठेवा, ॲडमिशनपर्यंत तोच लागतो.

मोबाइल आणि ईमेल: परत सांगतो, स्वतःचा. पासवर्ड वहीत.

फॉर्म भरल्यावर पीडीएफ घरी नेऊन दहावीची मार्कशीट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. करेक्शन विंडो उघडते तेव्हा सगळ्याच गोष्टी बदलता येतात असं नाही. याच काळात एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुप आणि बीएस्सी नर्सिंगची सीईटी पण भरून टाका. बीएएमएस, बीएचएमएस आणि व्हेटर्नरीला नीटचाच स्कोर लागतो, पण व्हेटर्नरीची ॲडमिशन प्रक्रिया वेगळी नोंदवावी लागते, माफसूकडे (राज्याचं पशुवैद्यकीय विद्यापीठ).

टप्पा ६: मार्च ते परीक्षा

२०२३ ते २०२५ तिन्ही वर्षी नीट मेच्या पहिल्या रविवारी होती, दुपारी २ पासून. आपल्याकडे त्या वेळी ४३-४४ डिग्री. म्हणून मार्चपासून आठवड्यातला एक फुल पेपर बरोबर दुपारी २ ला, कूलर बंद करून द्या. पहिल्या दोन पेपरला डोकं दुखेल, मग सवय होते. पहाटे अभ्यास करणाऱ्यांना तर हे जास्तच लागतं, त्यांचं शरीर दुपारी झोपायला शिकलेलं असतं.

आणि आखाजी (अक्षय तृतीया)! २०२५ ला आखाजी ३० एप्रिलला आणि नीट ४ मेला, मध्ये जेमतेम तीन दिवस. माहेरवाशिणी आलेल्या, झोके, पुरणपोळी, आंब्याचा रस, त्यात लग्नसराईचा बँड. घरच्यांना मार्चमध्येच सांगून ठेवा की त्या आठवड्यात हे पोरगं कुठेच येणार नाही आणि रसावर ताव मारणार नाही. एक दिवस पोट बिघडलं तर वर्षाचं काय?

परीक्षेच्या दिवशी दीडला गेट बंद होतं. हाफ बाही, चप्पल. केंद्र दुसऱ्या गावाला असेल तर आदल्या दिवशी पोहोचा, सकाळच्या एसटीच्या भरवशावर नको.

टप्पा ७: निकाल ते पसंतीक्रम

पहिलं काम, मार्क विसरा आणि रँक बघा. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात १७ राहिले. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६. म्हणजे मागच्या वर्षीचा "६०० ला जीएमसी (सरकारी मेडिकल कॉलेज) लागलं" हा हिशोब यंदा कुचकामी. मागच्या वर्षीच्या सीईटी सेलच्या यादीतून तुमच्या प्रवर्गाला शेवटची सीट कोणत्या रँकला गेली ते काढा.

दुसरं, दोन वेगळी दुकानं आहेत हे लक्षात ठेवा. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा, सगळी डीम्ड विद्यापीठं आणि एम्स ही एमसीसीकडे (केंद्राची कौन्सेलिंग समिती). राज्यातल्या सरकारी कॉलेजांच्या ८५ टक्के आणि इथली खासगी कॉलेजं सीईटी सेलकडे. दोन्हीकडे वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळी फी, वेगळ्या तारखा. एकीकडे भरलं की दुसरीकडे आपोआप जातं असं समजणारे दरवर्षी भेटतात.

तिसरं, ७०:३० अजून डोक्यात असेल तर काढून टाका. तो प्रादेशिक कोटा २०२० ला रद्द झाला. आता धुळे, जळगाव, नंदुरबारच्या जीएमसीला आपल्या भागातला म्हणून काही जादा मिळत नाही, आणि मराठवाड्यातल्या कॉलेजला तुम्हाला अडवत पण नाही.

पसंतीक्रम भरताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे "लागेल ते वर टाका". सिस्टिम तुमच्या यादीत वरून खाली येते, रँकप्रमाणे जे पहिलं मिळतं ते देते आणि थांबते. वर मुंबईचं मोठं कॉलेज टाकल्याने खालचं जळगाव हातचं जात नाही. पण जळगाव वर टाकलं आणि मुंबई मिळण्यासारखं होतं तरी जळगावच देणार. म्हणून खरंच जे आवडतं त्या क्रमाने लिहा. नंदुरबारचं २०२० चं आणि जळगावचं २०१८ चं, दोन्ही नवी आहेत, धुळ्याचं जुनं. घराजवळ म्हणून नवं कॉलेज वर टाकायचं की चार तास लांबचं जुनं, हे घरात बसून आधी ठरवा, दुकानात माझ्यासमोर भांडू नका.

खासगी कॉलेज यादीत टाकायच्या आधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर त्याची फी बघा आणि कागदावर साडेचार वर्षांचा हिशोब मांडा. मुलींसाठी २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण सीट कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मिळालेली पाहिजे. हॉस्टेल, मेस त्यात नाही.

सावधान: याच दिवसांत "सीट पक्की करून देतो, ॲडव्हान्स टाका" असे फोन येतात. कॅपची सीट कोणी पक्की करून देऊ शकत नाही. फोन ठेवा.

टप्पा ८: कॉलेजवर रिपोर्टिंग

सगळे ओरिजिनल एका फोल्डरमध्ये ब्रोशरमधल्या यादीच्या क्रमाने, झेरॉक्सचे तीन सेट वेगळे, स्कॅन करून फोनमध्ये आणि ईमेलवर. फी डीडीने की ऑनलाइन ते आदल्या दिवशी कॉलेजच्या साइटवर बघा, शनिवारी सीट लागली आणि बँक सोमवारी उघडणार असं होतं. बापाने सोबत जावं, सह्या लागतात.

सीट घेताना स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म पुढे करतात. तो भरला म्हणजे मिळालेली सीट पक्की आणि पुढच्या राउंडमधून तुम्ही बाहेर. नाही भरला तर पुढच्या राउंडला वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट आपोआप जाते, नवं आवडलं नाही म्हणून जुनं परत मागता येत नाही. गर्दीत क्लार्क "इथे सही करा" म्हणतो आणि पोरं करून मोकळी होतात. आधी फॉर्म वाचा, बाजूला जाऊन घरी फोन लावा, मग सही.